काटा पाचवर

...कानाच्या पाळीसारखी. बुंध्याच्या अगदी तळाशी, मुळं जमिनीत शिरतात त्या खोबणीत, अळंबी चिकटून बसली होती — वरून तपकिरी, लाख लावल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी बारीक किनार, आणि मधोमध एक नाजूक वळण, जणू तिथून आत कुठेतरी ऐकू जात असावं... तो उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या मनात आलं, किती सुरेख. मग, बऱ्याच वेळाने, हेही आलं की एकतीस वर्षं झाडं उतरवणाऱ्या माणसाच्या मनात बुंध्यावरची अळंबी बघून असलं काही येता कामा नये. डॉक्टरनं रोग्याच्या जिभेवरचा थर बघावा आणि काय नक्षी आहे म्हणावं, तसं हे. अळंबी म्हणजे आत कूज; कूज म्हणजे मुळं कधी हात सोडतील त्याचा नेम नाही; आणि त्या मुळांवर सत्तर फुटांची निलगिरी उभी, तीही मागच्या वादळापासून घराच्या दिशेनं झुकलेली. हा सगळा धडा त्याला पाठ होता. धडा पाठ होता, पण मन वर्गाबाहेर उभं होतं आणि खिडकीतून हात हलवत होतं.

अंगठ्याने दाबून पाहिली. कडक होती. म्हणजे जुनी. म्हणजे झाडानं तिला पचवलंय, असं त्यानं लगेच स्वतःला सांगितलं. आणि सांगताना आपण वकिलासारखे बोलतोय असं त्याला वाटलं, आरोपीवर जीव जडलेल्या वकिलासारखे. लाकडी हातोडी घेऊन त्यानं खोडावर ठोके दिले. पुढून, डावीकडून, उजवीकडून, आणि शेवटी घराच्या भिंतीकडच्या बाजूने दोन. भरीव लाकूड ठण्ण बोलतं, पोकळ लाकूड ढब्ब. ठीक होतं. सगळं ठीक होतं.

खिशात फोन होता आणि फोनमध्ये फोटो होता.

पहाटे साडेपाचला लेकीचा फोन आला होता. आधी नुसताच श्वास, मग मागून बायकोचा आवाज — अगं बोल ना, ते तिकडे उभ्यानं वाळतील — आणि मग लेक म्हणाली की मुलगी झाली, दोघी ठीक आहोत, तुमचं नाक घेतलंय बिचारीनं. लग्नाला नऊ वर्षं. दोनदा दारापर्यंत येऊन परत गेलेलं सुख. या वेळी तर गेल्या सात महिन्यांत घरात कुणी 'बाळ' हा शब्दसुद्धा मोठ्यानं उच्चारला नव्हता, जणू तो ऐकून ते बिचकेल... आणि आता दुपट्यातून बाहेर आलेली एक मूठ, एक कान, आणि नाक खरंच त्याचं. फोन ठेवताना लेकीनं बजावलं होतं: काकूला मीच सांगणार, दुपारी, जरा बसता आलं की. तुम्ही तोंड उघडायचं नाही, बाबा. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, मला माहितीये.

तीळ! त्यानं पहाटेपासून अख्खं पोतं भिजत घातलं होतं. घरात एकटाच; बायको महिनाभर लेकीकडे. सांगणार कुणाला? देवाला सांगितलं, म्हणजे ज्यानं दिलं त्यालाच परत बातमी, पण त्यालाही दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं असेल. मग आरशाला सांगितलं. मग शेजाऱ्यांच्या, जिन्यात झोपलेल्या मांजराला. मांजरानं एक डोळा उघडला, सगळं ऐकून घेतलं आणि मिटला.

लेकीची काकू म्हणजे त्याची वहिनी. थोरल्या भावाची बायको. आणि कामावर, तो झाडावर असताना दोराचं दुसरं टोक जिच्या हातात असतं ती. गेली वीसेक वर्षं त्याचा जीव सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या बाईच्या दोन मुठींत असतो आणि त्याला त्याचं कधी ओझं वाटलेलं नाही. कामाला हात लावण्याआधी, ट्रकच्या बॉनेटवर थर्मासचा चहा ओतता ओतता, वहिनी रोज एकच प्रश्न विचारतात.

काटा कुठे?

एक ते दहा. ज्याचा काटा तीनच्या खाली तो वर जात नाही: भांडून आलेला, रडून आलेला, रात्रभर जागलेला. हा नियम इतरही पाळतात. पण वहिनींच्या नियमाला दुसरंही टोक आहे, आणि ते दुसऱ्या कुठल्याच टोळीत नाही. ज्याचा काटा आठच्या वर, तोही जमिनीवरच. खूश माणूस वर नको. दुःखी माणूस गाठ तीनदा चाचपतो, असं त्या म्हणतात. खूश माणसाला वाटतं, गाठ आपली आपणच बसली असेल.

नियम आला तो दादाच्या कंबरेतून. दादाला मुलगा झाला त्या दिवशी तो शीळ घालत झाडावर चढला, कमरेचा दुसरा पट्टा फांदीला अडकवायचाच राहिला, आणि त्यानं करवत लावली. अठरा फूट. खाली पाल्याचा ढीग होता म्हणून माणूस वाचला, कंबर मात्र गेली. आता घरी बसून सगळ्यांच्या करवतींना धार लावतो आणि विचारेल त्याला हसत सांगतो, पोरगं आणि मी एकाच दिवशी खाली आलो, कौतुक मात्र त्याचं एकट्याचंच झालं. दादा हसतो. वहिनी ही गोष्ट चालू असताना उठून आत जातात.

"पाच," तो आज सकाळी म्हणाला होता.

दुसरा चढणारा गडी, ज्याला सगळे सावकाश म्हणतात, तोही पाच म्हणाला. सावकाश रोजच पाच म्हणतो. तो जन्मला तेव्हाही त्याचा काटा पाचवरच असणार. आणि जन्मायलाही त्यानं वेळ घेतला असणार.

का बोललो खोटं? पोरीला शब्द दिला होता म्हणून — झालं की! किती सोयीचा शब्द. तो दिला नसता तर मला तो शोधावा लागला असता. खरं एवढंच की मला वर जायचं होतं. आजच. आनंद झालेल्या माणसाला खाली उभं राहवत नाही. कुणी गच्चीवर जातो, कुणी टेकडीवर, माझा तर धंदाच तो. आणि सत्तर फुटांवर गेलं की देवाला जरा जवळून हाक मारता येते असं मला या वयातही वाटतं. हसतील लोक, हसू देत. आज मला ती हाक मारायची होती, आणि मधे वहिनींचा काटा आला, म्हणून मी तो बोटानं पाचवर ढकलला...

तर झाडाभोवती फेऱ्या. तिघांनी वेगवेगळ्या घालायच्या, एकमेकांशी न बोलता, आणि न चढायची कारणं मोजायची. चढायची कारणं कुणी मोजत नाही, ती पायांना आधीच माहीत असतात. मग एकत्र यायचं आणि ज्याची यादी सर्वांत लांब तिच्यावर बोलणं सुरू करायचं. त्याची यादी एरवी नऊ-दहाची. वहिनी त्याला चेष्टेनं म्हणायच्या, भाऊजी, तुम्ही झाड बघता की जावई बघता? आज त्याच्याकडे तीन निघाली: झुकाव, विजेची तार, शेंड्यातली वाळलेली फांदी. अळंबी त्यानं धरलीच नव्हती. वहिनींची सात. सावकाशची अकरा, आणि ती त्यानं एकेक करून, मधे थांबून, घसा साफ करून सांगितली: बुंध्यामागे माती उकललीये, बोट जातं. अळंबी आहे. चाळीस फुटांवरच्या बेचक्यात साल आत वळलीये, म्हणजे दोन खोडं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात पण चिकटलेली नसतील...

अकराव्या कारणानंतर सावकाशनं आपला उपाय सांगितला. मुख्य दोर या झाडावर बांधायचाच नाही. शेजारच्या आवारात जुनं भरभक्कम झाड आहे, त्याच्या माथ्यावर बांधायचा. म्हणजे निलगिरी कोसळली तरी माणूस दुसऱ्या झाडाला लटकून राहील. गल्लीतून क्रेन येत नव्हती, तेव्हा उपाय हाच होता. शेजाऱ्यांची परवानगी, त्या झाडावर एक चढाई, दोर ओढून घेणं, दीड तास तरी मोडणार.

आणि तो म्हणाला होता, गरज नाही. बेचकं चांगलं आहे. खोड मी वाजवून पाहिलंय, चारी बाजूंनी.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या होत्या. मग म्हणाल्या, "तुमचा कान आहे, भाऊजी. चला." एकतीस वर्षांत त्याचा कान चुकला नव्हता. सावकाशनं यादीचा कागद घडी घालून खिशात ठेवला, चार घड्या, प्रत्येक घडी नखाने दाबून.

वाळूची पिशवी बांधलेली बारीक दोरी पहिल्याच फेकीत बेचक्यातून गेली. एरवी पाच-सहा फेका लागतात. तिच्यामागून जाड दोर गेला. दोघांनी मिळून लोंबकळून पाहिलं, झाड कुरकुरलं नाही. आज सगळं कसं त्याच्याच बाजूचं... सावकाशनं नियमाप्रमाणे दुसरा हार्नेस अंगावर चढवला, वर काही झालं तर धावून जाण्यासाठी. धावून जाणं हा शब्द त्याच्या बाबतीत कुणालाच फारसा पटत नसला तरी. घरमालकीण, निवृत्त शिक्षिका, स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारून गेल्या की अहो झाडवाले, आज नक्की ना, वादळापासून मी बैठकीच्या खोलीत झोपतेय. तो म्हणाला, आज रात्री तुमची खाट तुमच्या खोलीत. वचनं वाटत सुटला होता.

पाय जमिनीवरून सुटले. पाच फूट. दहा. निलगिरीचा तो स्वच्छ, सर्दी झालेल्याला बरं वाटावं असा वास. सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत होत्या आणि खालचं खोड गुळगुळीत, गोरं, कोवळं दिसत होतं... आणि पोटातून गाणं वर आलं, आणि त्यानं ते दाताखाली दाबलं.

कारण त्याला गुणगुणायची खोड आहे. लहानपणी कीर्तनात देवाच्या गोष्टी गाऊन सांगणाऱ्यांच्या पुढ्यात, अगदी पहिल्या रांगेत बसून, त्याच्या अंगात लय मुरली ती मुरलीच. झाडावर असताना तो एक ना एक चाल घोळवत असतो आणि वहिनी खालून नुसत्या लयीवरून ओळखतात की तो दमलाय, चिडलाय, की फांदी सुटायला आलीये. आज गायला लागला असता तर दोन ओळींत सगळं फुटलं असतं. म्हणून गप्प. गप्प राहणं किती दमवतं! वजनदार करवत कमरेला लटकवून चढणं परवडलं.

"भाऊजी, आज गाणं नाही?"

तो म्हणाला, घसा बसलाय. आणि आणखी दोन फूट चढला. एरवी घसा बसलाय म्हटल्यावर वहिनींनी त्याला सोडला नसता. घसा आहे का पाहुणा, सारखा बसतो, असलं काहीतरी आलं असतं. काहीच आलं नाही. त्यानं खाली पाहिलं.

वहिनींनी दोर हाताला गुंडाळला होता.

हे त्या कधीच करत नाहीत. दुसऱ्या कुणी केलं तर त्याला दिवसभर बोल लावतात, की दोराला ओढ बसली तर पंजा जाईल. पण आज दोन वेढे मनगटाभोवती, आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. त्या वर बघत होत्या, आणि तो चेहरा... तो चेहरा त्यानं पूर्वी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा लेक होती त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात.

"पोरीचं काही कळलं का?" त्या म्हणाल्या. आवाज फार खालून आला, जमिनीपेक्षाही खालून. "या आठवड्यातलीच तारीख होती. खरं सांगा. माझ्यापासून लपवू नका."

आणि त्याला एकदम दिसलं. पहाटेपासून आपण दोराच्या या टोकाला आनंद दाबून धरला, आणि तोच दोरातून खाली उतरताना दुःख होऊन वहिनींच्या हातात पोचला. त्या सकाळपासून त्याच्याकडे बघत होत्या. बोलत नाही, गात नाही, फोन सारखा चाचपतो, तीनच कारणं, लवकर वर जायची घाई — दुसरा काय अर्थ लावणार कुणी? त्यांनी त्याला विचारलं नाही, कारण हे घर सात महिने विचारायचं टाळायलाच शिकलं होतं. कान आहे म्हणून त्यांनी त्याला सोडलं नव्हतं. स्वतःचा नियम मोडून, त्याला कामात बुडू द्यावं म्हणून वर सोडलं होतं. काटा तर त्यांचाही होता, तो कुणी विचारला? बारा फुटांवर तो लटकला होता आणि त्याचा जीव ज्या मुठीत होता ती मूठ भीतीनं गच्च आवळलेली.

"वहिनी," तो म्हणाला, "काटा पाचवर नाही."

"किती?" त्यांनी डोळे मिटले.

"दहा. बारा. मुलगी झाली, वहिनी. पहाटे. दोघी ठीक आहेत. मला सांगायला बंदी होती."

वहिनींनी डोळे उघडले, मनगटावरचे वेढे पाहिले, कुणा दुसऱ्याचा हात बघावा तसे, आणि ते सोडवले. दोर नीट पकडीत घेतला. आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, खाली या. तो उतरला. पाय टेकले, कडी सोडली, तेव्हा मग त्यांनी हातमोजा काढून त्याच्या खांद्यावर, पाठीवर, हेल्मेटवर असे चार-पाच फटके दिले आणि फटके देता देताच रडायला लागल्या, आणि रडता रडता नाक कुणाचं म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, अरेरे, बिचारी.

सावकाश हे सगळं शांतपणे बघत होता. थोड्या वेळाने त्यानं विचारलं, "वहिनी, तुमचा काटा?"

"मला विचारू नकोस."

"म्हणजे वर जायला हे नाहीत, आणि दोर धरायला तुम्ही नाही." त्यानं हिशोब लावला. "मी वर जाणार आणि मीच खाली उभा राहणार, एवढा काही मी लांब नाही."

म्हणून मग बसले. ताडपत्री अंथरली, झाड पडलंच तर जिथं पोचणार नाही इतक्या लांब, कुंपणाजवळ. घरमालकीणबाई पुन्हा दारात आल्या, काम का थांबलं म्हणून. सावकाशनं सांगितलं, थांबलोय. कशासाठी? आनंद उतरायची वाट बघतोय, तो म्हणाला, गंभीरपणे. बाई विचारात पडल्या. शिक्षिकाच त्या, तरी उत्तर चूक आहे असं म्हणवेना. किती वेळ लागतो साधारण, असं त्यांनी विचारलं. सावकाश म्हणाला, दोघांना एकदम हे आमच्याकडेही पहिल्यांदाच होतंय.

वहिनी फोटो बघत होत्या. बोटांनी मोठा करून, लहान करून, पुन्हा मोठा करून. दुपारी पोरीचा फोन आला की आश्चर्य कसं वाटून घ्यायचं याची मधेच तालीम करत होत्या — अगं बाई! — नाही, फारच मोठं झालं — अगं बाई... आणि तो गुडघे जवळ घेऊन बसला होता. त्याच्यातल्या, पहिल्या रांगेतल्या त्या मुलाला आठवत होतं की गाऊन सांगणारे एक म्हातारे गोष्टीच्या ऐन शिखरावर गायचे थांबत. देव प्रकटला, लोकांनी श्वास धरला, की हे आपले गप्प. तेव्हा राग यायचा, पुढे का जात नाहीत? ते नुसते बसत, घोटभर पाणी पीत, आणि म्हणत, घाई नको, जे झालं ते आत उतरू द्या, मग पुढची ओळ...

मग आत काहीतरी उतरू लागलं खरं. आणि ते जसजसं खाली जात होतं तशी त्यानं मोकळी केलेली जागा दिसू लागली, आणि त्या जागेत त्याला ठोके ऐकू आले. पुढचा, ठण्ण. डावीकडचा, ठण्ण. उजवीकडचा. भिंतीकडचे दोन...

भिंतीकडचे दोन आठवेनात. हातोडी आठवत होती, मनगटाला बसलेला झटका आठवत होता. आवाज नाही. त्या दोन ठोक्यांच्या वेळी मी कुठे होतो? मी दुपट्याजवळ होतो. मी ती मूठ उघडून बघत होतो.

"वहिनी, भिंतीकडची बाजू मी वाजवली," तो म्हणाला. "पण ऐकली नाही."

त्यांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. सावकाशनं खिशातून कागद काढला, घड्या उलगडल्या, गुडघ्यावर सपाट केला, पेन्सिल शोधली आणि बारावं कारण लिहायला घेतलं. शेजारच्या झाडासाठी परवानगी मागायला कोण जाणार, की आज कुणीच काही करायचं नाही आणि बाईंना आणखी एक रात्र बैठकीच्या खोलीत झोपा म्हणायचं, हे ठरायचं होतं. भिंतीकडून निलगिरी ठण्ण बोलेल की ढब्ब, तेही.

वारा सुटला. निलगिरीचा शेंडा घराकडे गेला, थांबला, आणि परत आला. तो किती गेला आणि किती वेळ थांबला हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. आणि भीती आली. पायाच्या तळव्यांतून, नेहमीच्या वाटेनं, पोटऱ्या, मांड्या, पोट... एकतीस वर्षांची ओळख, सकाळपासून कुठे अडली होती कोण जाणे. तिला बघून त्याला इतकं हायसं वाटलं की तो थोडा सरकलाच, ताडपत्रीवर, जणू तिला बसायला जागा हवी. आनंद हलला नाही. भीती त्याच्या शेजारी टेकली, आणि दोघं मिळून समोरच्या झाडाकडे बघू लागली.